सहा वर्षांचा पक्ष

नावात 'मजूर' असला म्हणजे पक्षात सगळे मजूर असतातच असे नाही. आफ्रिकेतल्या दक्षिण ऱ्होडेशियात गोऱ्या वसाहतवाल्यांचा एक मजूर पक्ष होता. त्यांच्याशेजारी काळा माणूसही राबत होताच. पण त्याला पक्षात घ्यावे की नाही या वादात 1944 च्या सुमारास तो पक्ष दुभंगला.

आपण नाक मुरडायचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे. पण तिथे धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्यांना त्या खात्यात मज्जाव! संपात उपाशी राहायला मात्र सगळे सारखेच.

हे दुखणे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जाणून होते. 1927 साली आमच्या बदलापूरला शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून ते आले होते. पुढे 15 ऑगस्ट 1936 रोजी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. वेशीबाहेर ठेवलेल्यांच्या पुढाऱ्याने काढलेला हा पक्ष. पण नावात जात नाही, दाराला कडी नाही. अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर हे सवर्णही त्यात होते. 1937 च्या निवडणुकीत पक्षाने 17 उमेदवार उभे केले आणि बहुतेक निवडून आले.

त्याच सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी 1938 मध्ये कोकणातली कुळे मुंबईत मोर्चाने आली. त्यांत महार होते तसे कुणबीही होते. संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी कम्युनिस्टांसह एक दिवसाचा संप झाला. तरी विधेयक मंजूर झालेच. खोतीचे विधेयक मात्र पडून राहिले.

1942 साली क्रिप्स आले. त्या वाटाघाटींत जमातींची गणती होत होती, मजुरांना कोण विचारतो? त्याच वर्षी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन निघाले आणि हा पक्ष संपला. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने, दुसऱ्यांच्या हातून.

सहा वर्षांचे आयुष्य ते काय! पण अंबरनाथच्या कारखान्यांच्या फाटकावर पाळी सुटताना मी पाहतो, कायम कामगार एका घोळक्याने निघतात, कंत्राटी दुसऱ्या. काम एकच, पगार दोन. दोघांची मुले मात्र माझ्या वर्गात एकाच बाकावर बसतात. त्यांना हा धडा शिकवताना मी जरा सावकाश शिकवतो.