काळी-पिवळी

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेची विलीस जीप स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्राच्या कारखान्यात जुळू लागली. आमच्या चाकूरकडं ती आली तोवर रूप पार पालटलं होतं. थोरल्या भावानं बैलजोडी इकून जुनी जीप घेतली. नांदेडच्या वेल्डरनं मागचा सांगाडा वाढवला, समोरासमोर बाकडी ठोकली, वर कॅरिअर. काळं अंग, पिवळं टप. आठ-नवांच्या गाडीत सोळा बसायचे, ड्रायव्हर अर्धा बाहेर! पण गावच्या पोरी त्याच गाडीनं लातूरला कॉलेजात जाऊ लागल्या. बा मात्र बैलांपायी भावाशी बोलंना.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंपानं किल्लारी पडली. भावानं बाकडी उपसून फेकली, भाकरींची गाठोडी भरून जीप तिकडं घातली. मागं जखमी निजवून लातूरच्या दवाखान्यात पोचवले. तिसऱ्या दिवशी घरी आला. गाडीतलं रक्त बानंच घागरीनं धुतलं.