चवऱ्याची काळी वाळू

केरळातील कोल्लम शहर मागे टाकून उत्तरेकडे निघाले, की अष्टमुडी सरोवराचे विस्तीर्ण पाणी जेथे समुद्रास मिळते तेथे नींदकराचा पूल लागतो. पुलापलीकडे चवरा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता तेथे गेलो होतो. आम्हां माळव्यातील माणसांना वाळू ठाऊक ती नर्मदेची. येथील वाळू काळसर आणि मुठीत घेताच जड लागणारी.

तिच्यात मोनाझाइट आहे आणि मोनाझाइटात थोरियम. शोंबर्ग नामक जर्मन रसायनशास्त्रज्ञास १९०९ साली त्रावणकोरच्या काथ्याला चिकटलेल्या कणांत ते आढळले. येथील किनारी गावांत घराबाहेरचा किरणोत्सर्ग वर्षाकाठी साधारणतः ४ मिलिग्रेहून अधिक, तर क्वचित ठिकाणी ७० पर्यंत भरतो. त्याच वाळूवर मुले खेळत होती, कोळी जाळी सांधीत बसले होते.

मला तेथे नेले ते माझ्या पुतणीच्या काळजीने. ती एका रुग्णालयात क्ष-किरण विभागात आहे. छातीवर लावायचा मापक बिल्ला ती खणात ठेवून देई. "काका, आकडा जास्त आला तर आई नोकरी सोडायला लावील," हे तिचे उत्तर.

आपल्याकडील या बिल्ल्यात तीन चकत्या असतात. त्यांतील कॅल्शियम सल्फेटात डिस्प्रोशियमचा किंचित अंश मिसळलेला असतो. किरण पडले की स्फटिकातील इलेक्ट्रॉन जागचे सुटून सापळ्यांत अडकतात आणि महिनोन्‌महिने तेथेच राहतात. पुढे प्रयोगशाळेत चकती २०० अंशांच्या वर तापविली, की ते मोकळे होतात आणि मंद प्रकाश उमटतो. जितके किरण, तितका प्रकाश. याच तत्त्वावरील मापक देऊन या किनाऱ्यावरील रहिवाशांचीही मोजणी झालेली आहे. करुनागप्पळ्ळी तालुक्यातील सुमारे ७० हजार लोकांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या नैसर्गिक किरणोत्सर्गाने कर्करोग वाढल्याचे दिसून आले नाही.

म्हणून क्ष-किरण निरुपद्रवी, असे मात्र नव्हे. मोजल्यावाचून भिऊ नये, तसेच मोजल्यावाचून निर्धास्तही राहू नये, एवढेच मी त्या वाळूत उभा राहून शिकलो. त्याच रात्री कोल्लमहून पुतणीस लिहिले, "चिमणे, बिल्ला तुझे रक्षण करीत नाही, तो केवळ खरे सांगतो. खणात ठेवलास, तर तो खणाविषयीच खरे सांगेल."

परवा तिचा पहिला खरा आकडा आला. मर्यादेच्या पुष्कळच खाली होता. वहिनींनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.