आजीची चंची

पानसुपारीसाठी कमरेला खोचावयाच्या चंचीचा घाट घेऊन आमच्या आजीने सुईदोऱ्यासाठी टसराची एक चंची शिवली होती, आणि बोरगावच्या या घरी ती सून म्हणून आली त्या वेळी रुखवतात मांडलेल्या जिनसांपैकी आज तेवढीच एक शिल्लक आहे. उलगडली की वीतभर रुंद आणि हातभर लांब होणाऱ्या त्या पट्टीला चार खण आहेत: सुयांचा, रेशमाच्या लडींचा, अंगुस्तानाचा आणि चौथा मोडक्या सुयांचा, कारण आयुष्यभर राबलेली सुई केरात टाकणे आजीला मान्य नव्हते.

वस्त्र मूळचे तिच्या आईच्या करवती काठाच्या लुगड्याचे. ऐन आणि अर्जुन या वृक्षांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून निघालेले हे रेशीम उपजतच मधाच्या वर्णाचे असते. आणि काठाचे ते करवतीसारखे दाते उमटविण्यासाठी विणकराला तीन धोटे चालवून काठाचा व अंगाचा दोरा ओळीओळीला एकमेकांत अडकवावा लागतो. त्या दात्यांच्या आतल्या बाजूने आजीने बिनपिळाच्या रेशमाने एक वेल चालविली आहे. देठाला साखळी टाका, कडांना काजाचा टाका आणि पानांना भरीव टाके. परंतु प्रत्येक पानाच्या दोन अर्धांत टाक्यांची दिशा तिने बदलली असल्यामुळे एकच हिरवा दोरा प्रकाशात दोन छटांचा भासतो. चाळीस वर्षे भरतकाम करूनही ती दिशा मला अद्याप तिच्याइतकी साधलेली नाही.

आजोबा पटवारी होते, म्हणून ही चंची दप्तराच्या एका जुन्या लाल रुमालात बांधलेली असे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला व आमची सौंसर तहसील मध्यप्रदेशात राहिली. खसरे आणि दाखले हिंदीत लिहिले जाऊ लागले, परंतु त्याच रुमालातून निघणाऱ्या वस्तूंची नावे, नेढे, काज, टीप, उसवण, ही आम्हां मुलींच्या कानांवर मराठीतच पडत राहिली.

विशीत असताना मी एक अपराध केला. विटलेले एक पान मला सहन होईना, म्हणून नव्या रेशमाने भरण्याच्या हेतूने ते उसवले, आणि उसवल्यावर दिसले ते असे की सुती कापडात सुईचे भोक धुण्याने मिटते, पण टसर ते मिटू देत नाही. शिवाय उलट्या बाजूस, जिथे कधी ऊन पोचले नव्हते, तिथे शेजारच्या पानाचा मूळ हिरवा अगदी ताजा होता. म्हणजे मी आणलेला ‘तोच’ हिरवा तो नव्हताच. आजी काही बोलली नाही. तिने ती रिकामी छिद्रे बोटाने मोजली, सदतीस भरली, आणि चंची गुंडाळून ठेवली. ते पान मी आजवर भरलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात घडीवरचे टसर तडकले, तेव्हा मी त्यावर आडवे बारीक रेशमी धागे पसरून ते जुन्याच छिद्रांतून टाचून घेतले. नवे भोक एकही पाडले नाही. सुयांच्या खणातली लोकरीची पाने मात्र कसरीने खाल्ली होती, आणि ती बदलण्यास मला मुळीच संकोच वाटला नाही, कारण ती झिजण्यासाठीच घातलेली होती. आजीनेही ती बदललेली मला आठवते. आमच्याच बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडची लोकरी कापडाची गिरणी आहे. तिथल्या सुटिंगचा एक राखाडी तुकडा घरात होता. त्याची दोन पाने कापली, कडांना काजाचा टाका घातला, कडुनिंबाचा वाळला पाला वेगळ्या पुरचुंडीत ठेवला, आणि आजीच्या सहा सुया जाडीच्या क्रमाने त्यांत ओवल्या. सातवी परवा माझ्या हातात मोडली. ती चौथ्या खणात आहे.