लेव्हल पाइप

“मिस्त्री, नवा टर्बो घातल्यापासनं गाडी मेलीय बघा,” म्हणत ड्रायव्हर खाली उतरला. इंजिन चालूच होतं आणि मला तरी ते खणखणीत वाटत होतं. टाटाची दहाचाकी, आत ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं कमिन्स, पंप जुन्या पद्धतीचा. या इंजिनाला सेन्सर नाहीत, लॅपटॉप लावून दुखणं विचारायची सोय नाही. विचारायचं ते ड्रायव्हरला आणि धुराला.

“खंबाटकीला थर्डवर चढायची. आता दुसऱ्या वळणापर्यंत येती बरी, तिथनं पुढं सेकंडला पण रडती.”

“धूर?”

“आधी काळा भक्कन. मग काय नाही.”

हे शेवटचे तीन शब्द मी नीट ऐकले असते, तर पुढचे सहा दिवस वाचले असते. पण मी त्या वेळी नव्या टर्बोकडे बघत होतो. मूळच्यापेक्षा थोराड, जास्त ताकदीच्या इंजिनाचा, भंगार बाजारातून आणून कुणीतरी बसवलेला. असं काम मला मुळात पटत नाही. जास्त माल भरता यावा म्हणून टर्बो वाढवायचा आणि ब्रेक मात्र आहेत तेच ठेवायचे, हा कुठला हिशेब? घाट चढायचा असतो तसा उतरायचाही असतो. हे मी मालकांना ऐकवलं. “आता बसवलाय तर बसवलाय, तुम्ही ओढती करून द्या,” असं उत्तर आलं.

गाडीत नवी वस्तू घातली आणि लगेच काही बिघडलं की सगळ्यांची बोटं त्या वस्तूकडे वळतात. घरात नवी सून आल्यावर दूध उतू गेलं तरी तिच्याच नावावर जातं, तसंच. टर्बोतून निघणारा हवेचा पाइप काढला तर आत तेलाचा ओशटपणा होता. आमचा हेल्पर लगेच म्हणाला, “टर्बो ऑइल मारतोय. गेलेला माल दिलाय.” मीही मान हलवली. पण शाफ्ट बोटांनी हलवून बघितला तर खेळ नव्हता, पंखा कुठे घासलेला नव्हता. मग तेल कुठून आलं, या प्रश्नापाशी थांबायला हवं होतं. मी तो बाजूला ठेवला.

पहिलं काम रीतसर केलं. टर्बोच्या तोंडावर पत्र्याचं झाकण बसवलं, त्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह लावला आणि शेजारच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवरून पंधरा पौंड हवा भरली. पाइप, इंटरकूलर, मॅनिफोल्ड, सगळ्यावर साबणाचं पाणी. इंटरकूलरच्या खालच्या होजपाइपच्या क्लिपपाशी फुगे आले. सापडलं! क्लिप बदलली, गाडी दिली, चहा प्यायलो. तिसऱ्या दिवशी गाडी परत दारात.

सापडलेला दोष खरा असतो, पण तोच आजार असतो असं नाही. जुन्या गाडीत शोधायला बसलं तर काही ना काही सापडतंच. आमचे उस्ताद एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दुरुस्तीनंतर ते विचारायचे, “जे सापडलं त्यानं तक्रारीतला प्रत्येक शब्द समजतो का?” क्लिपच्या गळतीनं ‘गाडी मेलीय’ समजत होतं. ‘दुसऱ्या वळणापर्यंत येती बरी’ हे समजत नव्हतं.

यानंतर मी केलं ते सांगायला लाज वाटते. पंप उतरवला. या पंपाला एक पडद्याची डबी असते आणि मॅनिफोल्डमधला हवेचा दाब बारीक नळीनं तिच्यापर्यंत येतो. दाब असेल तरच डबी पंपाला जास्त डिझेल सोडू देते, नाहीतर हात आखडते. पडदा फाटला की गाडी धूर न करता मरते. ‘मग काय नाही’ हे शब्द मला आत्ता आठवले होते, पण अर्धेच. पंप कॅलिब्रेशनला पाठवला, नोझलही पाठवले. दोन दिवसांनी सगळं परत आलं, पंप ठीक, पडदा ठीक, नोझल ठीक.

तेव्हा कुठे मी मालकांना म्हणालो, “गाडी भरून आणा.” हे पहिल्या दिवशीच म्हणायला हवं होतं. गॅरेजच्या दारात रिकाम्या गाडीला कसलाच आजार नसतो. कितीही रेस द्या, ओझं नाही म्हणून डिझेल थोडं जळतं, डिझेल थोडं म्हणून धुराला जोर नाही, आणि धुराला जोर नाही म्हणून टर्बो फिरण्यापुरता फिरतो. खरा टर्बो चढावर जागा होतो. सायलेन्सरकडे फुकट निघालेला तापलेला धूर अडवून त्याच्यावर पंखा फिरवायचा, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली पेटंट करून ठेवली. तो पंखा भरल्या गाडीत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्या वेळी इंजिन किती हवा गिळतं याचा हिशेब मी एकदा पाठकोऱ्या बिलावर मांडला होता. २५०० आरपीएमला ५.९ लिटरचं इंजिन टर्बोशिवायही मिनिटाला सात हजार लिटरच्या वर हवा ओढेल. टर्बोनं पंधरा पौंड दाब दिला की हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. उन्हाळ्यात गावात पाण्याचा दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, निदान तेवढा अख्खा टँकर, दर मिनिटाला, एका होजपाइपमधून.

गाडी खडी भरून आली. डबीच्या नळीला टी जोडून दाबाचं घड्याळ केबिनमध्ये घेतलं आणि आम्ही खंडाळ्याहून खंबाटकीच्या घाटाला लागलो. (तेव्हा पुण्याकडून साताऱ्याला जाताना चढ घाटातून होता, परत येताना बोगद्यातून. चाचणीला याहून सोयीचा रस्ता नव्हता.) थर्ड गिअर, पाय पूर्ण दाबलेला. काटा चढला, बारा, पंधरा, अठरा. पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्या वळणाला काटा थरथरला आणि बघता बघता आठवर आला. मागे काळा भपकारा. मग धूर ओसरला आणि गाडी बसली.

गळती असती तर काटा अठरापर्यंत गेलाच नसता, नऊ-दहावर मुकाट बसून राहिला असता. हा चढून पडत होता. दाब पडला की आधी काळा धूर, मग डबी डिझेल आखडते म्हणून धूर बंद. ड्रायव्हरच्या तीन शब्दांचा हा अर्थ होता. म्हणजे टर्बो हवा फेकायला तयार होता, त्याला ती मिळत नव्हती. आणि पाइपमधलं तेल? मागून कुणी नाक दाबलं की टर्बो सीलमधून तेल ओढून घेतो. टर्बो बिचारा साक्षीदार होता, आम्ही त्याला आरोपी केलं होतं.

एअर फिल्टर बदलून झाला होता. पण ओढ मोजायची कशी? शेजारी घराचं काम चालू होतं. तिथल्या गवंड्याकडून लेव्हल पाइप मागून आणला. प्लायवूडच्या फळीवर त्याचा चाळीस इंच उंचीचा यू बांधला, निम्म्यापर्यंत पाणी भरलं, दिसावं म्हणून देवाच्या तसबिरीपुढच्या करंड्यातली चिमूटभर कुंकवाची पूड टाकली. पाइपचं लांब टोक केबिनमधून खाली नेऊन टर्बोच्या अगदी तोंडापाशी जोडलं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात पंचवीस इंचांचा फरक पडेपर्यंत चालतं, त्यापुढे इंजिन गुदमरतंय असं समजायचं.

पुन्हा तोच घाट. हेल्परनं फळी मांडीवर उभी धरलेली, एखाद्या लग्नाच्या फोटोसारखी. पाणी सावकाश सरकत होतं. दहा इंच, चौदा, अठरा. दुसऱ्या वळणाला आत काहीतरी ‘फट्’ मिटल्यासारखं झालं आणि पाणी टुणकन वर उडालं. मी ड्रायव्हरला पाय काढायला सांगेपर्यंत सगळं कुंकवाचं पाणी टर्बोनं पिऊन टाकलं. अर्धा पेला असेल. पंखा वाचला हे नशीब. त्यानंतर मी मध्ये एक रिकामी बाटली जोडायला शिकलो.

बोगद्यातून परत आलो आणि नळी फिल्टरच्या लगेच पुढे जोडून तिसरी फेरी मारली. गाडी तशीच मेली, पण पाणी बारा इंचांवर गप्प. म्हणजे दोष फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या दीड हात होजपाइपात. तो बाहेरून दाबला तर घट्ट, गुळगुळीत, एक चीर नाही. काढून आत बोट घातलं. एका बाजूचं अस्तर मूळ रबरापासून सुटलेलं, पापडासारखं. थंड असताना भिंतीला चिकटून बसायचं, गरम होऊन मऊ पडलं आणि ओढ वाढली की पडद्यासारखं मध्ये यायचं. हवा दीडपट झाली की पाइपातला अडथळा सव्वादोनपट होतो. जुन्या टर्बोच्या हातात हा पाइप आणखी दोन वर्षं निमूट निघाला असता.

नवा होजपाइप साडेआठशेचा. बसवून तेच ओझं घेऊन वर गेलो, काटा अठरावर टेकला आणि वरच्या देवळापर्यंत टेकूनच राहिला. ड्रायव्हरनं थर्ड सोडला नाही, आणि एवढा वेळ कुणी काही बोललंही नाही.

बिलाच्या वेळी मालक पाइप उलटसुलट करून बघत होते. “एवढ्याशा रबरासाठी आठवडा?” मी त्यांचं बोट धरून आत फिरवलं. पंप उतरवल्याची मजुरी मी लावली नव्हती, कॅलिब्रेशनचे पैसेही माझ्याच खिशातले. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. ओव्हरलोडचं पुन्हा एकदा सांगितलं. ते हसले आणि पाइप काखेत मारून घेऊन गेले, पहिल्या मिस्त्रीला दाखवायला.

संध्याकाळी गवंडी आला. लेव्हल पाइप उजेडात धरून आरपार बघत राहिला.

“मिस्त्री, माझी नळी आतनं लाल कशानं झाली?”

हेल्पर गाडीखाली शिरला.