आग्नेयेकडे तोंड करून

औसा तालुक्यात आमच्या आत्याच्या घराच्या पत्र्यावर एक डिश आहे. वाऱ्यानं हलू नये म्हणून पायाशी दोन दगड, आणि तोंड आग्नेयेला. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह आमच्या भागातून त्याच बाजूला लागतो. खाली घरात चूलही त्याच कोपऱ्यात. नांदेडहून गेलो की माझं लक्ष आधी पत्र्याकडे जातं. डिश सरळ दिसली की जीव भांड्यात पडतो.

मागच्या खेपेला सहज विचारलं, “आत्या, रिचार्ज हाय का?”

“कशाचा रे? बोअरचा का टीव्हीचा?”

लातूरकडे पत्र्यावरचं पावसाचं पाणी पाइपानं बोअरमध्ये सोडतात, त्यालाही रिचार्जच म्हणतात. त्याची काळजी तिला बाराही महिने. टीव्हीची नाही. डिश आणि पेटी एकदा विकत घेतली, की महिन्याला एक पैसा लागत नाही. डिसेंबर 2004 मध्ये ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. दर महिन्याला दीडशे-दोनशे रुपये बाजूला काढणं ज्या घराला जड जातं, त्या घरात ती टिकून राहिली.

फुकट म्हटलं की मला 2016 आठवतं. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे, जलदूत, आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आणि त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओ आलं. उन्हाळ्यात ज्या गल्ल्यांत लोकांनी टँकरची वाट पाहिली, तिथं पावसाळा सरता सरता डेटा मोफत वाहू लागला. शिकवणीला आलेली खेड्यापाड्यांतली लेकरं रात्री खोलीत उशाला मोबाइल टेकवून पिक्चर बघू लागली. 31 मार्च 2017 ला ते मोफतचे दिवस सरले. तोवर सवय लागली होती, आणि सवयीला पैसे मोजावेच लागतात.

आटणं आम्हाला नवं नाही. 1 एप्रिल 2022 ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल फ्री डिशवरून गेल्या. खाजगी वाहिन्यांना तिथली जागा लिलावात घ्यावी लागते. परवडलं तर राहतात, नाही तर निघून जातात. आत्याची रोजची मालिका अशीच एका रात्रीत गेली. पुढं काय झालं, हे तिला शेजारणीच्या नातीनं मोबाइलवर बघून सांगितलं. बाई आठवडाभर त्या पोरीची वाट बघायची.

नांदेडला सचखंड गुरुद्वाराच्या लंगरमध्ये पंगतीला बसणाऱ्याला नाव, गाव, जात कोणी विचारत नाही. ताटात पडतं ते सगळ्यांना सारखं. त्या पंगतीतल्या माणसाला कोणी फुकट्या म्हणत नाही. दूरदर्शनकडे मी तसंच बघत आलोय. 1987 च्या जानेवारीत रामायण सुरू झालं, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर रविवारी सकाळी अख्खी गल्ली बसायची. चपलांचा ढीग पायरीच्याही खाली यायचा. गर्दी झाली म्हणून कुणाला उठवलेलं मला आठवत नाही.

प्रसार भारतीनं नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात वेव्ह्ज हे ॲप सुरू केलं. त्यावर जुनं रामायण, महाभारत आहे, मराठीही आहे. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण आत्याचा फोन बटणांचा. ती ॲप कुठून उघडणार?

म्हणून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवाल्यांना हात जोडून सांगणं आहे. तुमच्याकडच्या जुन्या मराठी नाटकांच्या, मुलाखतींच्या, ‘आमची माती आमची माणसं’च्या टेपा ॲपवर जरूर टाका, पण रोज संध्याकाळी एक तास त्या वाहिनीवरही दाखवा. सातनंतर दाखवा. तोवर आत्याचं दूध काढून झालेलं असतं.