टाकी आणि खिडकी

परवा टीव्हीवर पुन्हा 'शोले' लागला होता. नातू म्हणाला, "आजोबा, रामगढमध्ये वीज नाही, राधा रोज दिवे मालवत फिरते. मग त्या उंच टाकीत पाणी चढतं कसं?"

मी हसलो. १९७२ चा दुष्काळ काढलेल्या आम्हा धाराशिवकरांना तेव्हाही ही शंका आली होती. डिझेल इंजिन असेल म्हणून सोडून दिली. इंग्रजी काउबॉयपटांत नाही का, सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून सात-आठ बार निघत? गोष्ट रंगली की मोजतो कोण!

आता मला दुसरंच खटकतं. ठाकूर विधवा सुनेच्या पुनर्विवाहासाठी तिच्या वडिलांशी बोलतो, आणि पुढे जयच मरतो. राधा खिडकी लावून घेते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. पण १९७५ च्या पटकथेलाही ते लग्न झेपलं नाही.

आम्हाला मात्र ते अगदी पटलं. माझी धाकटी बहीण तेव्हा विधवा होऊन माहेरी आलेली. तिला पुन्हा उजवायचा विषय आम्ही कुणी काढलाच नाही. सिनेमाला तीही होती. परतताना आम्ही टाकीवरच्या वीरूला हसत होतो. ती गप्प होती.

टाकीची शंका सगळ्यांना आली. खिडकीची कुणालाच नाही.