यंत्राकडून पेशीकडे

अभियांत्रिकीची पदवी घेऊन आम्हीं कांहीं वर्षें कारखान्यांत काढलीं व पुढें सल्लागाराच्या धंद्यांत पडलों. त्या धंद्याचें मर्म एकच : गिऱ्हाइकापुढें अडखळावयाचें नाहीं. पंधरा दिवसांपूर्वीं ज्या व्यवसायाची आम्हांस गंधवार्ता नव्हती, त्यांतील धुरीणांस आम्ही बेधडक उपदेश करीत असूं. आणि त्याबद्दल द्रव्यही चांगलें मिळे. असें असतां वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं आम्हीं संगणकीय जीवशास्त्राची कास धरली, तेव्हां आप्तेष्टांनीं आमची गणना खुळ्यांत केली.

पेशी म्हणजे एक यंत्रच, असा आमचा समज. मनुष्याच्या जनुकसंहितेंत अक्षरें सुमारें ३०० कोटी. एवढ्या आंकड्यांस आम्ही थोडेच भिणार! शिवाय दाखलाही अनुकूल होता. जी. एन. रामचंद्रन हे बंगळूरास विद्युत्-अभियांत्रिकी शिकावयास गेले, ते रामन यांच्या हाताखालीं पदार्थविज्ञानाकडे वळले. आणि अणूंनीं एकमेकांवर आदळूं नये एवढ्या साध्या अटीवरून, प्रथिनाच्या सांखळीस कोणते बांक घेतां येतील, याचा नकाशा त्यांनीं १९६३ सालीं मद्रासेहून सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला.

परंतु पहिल्याच वर्षीं आमचें गर्वहरण झालें. रोगी व निरोगी माणसांच्या पेशींतील आर.एन.ए.चीं मापें आम्हीं ताडून पाहिलीं, तों दोन्ही गट इतके स्वच्छ निराळे दिसले कीं, आम्ही निष्कर्ष लिहून मोकळे झालों. तेव्हां एका विद्यार्थिनीनें हळूच विचारलें, "सर, हे सगळे नमुने एकाच दिवशीं तयार केले होते का?" वही काढून पाहिली. रोग्यांचे नमुने सोमवारचे, निरोग्यांचे गुरुवारचे, आणि रसायनाची बाटलीही निराळी. आम्हीं शोधून काढला होता तो रोग नव्हे, वार! गट आणि वार एकरूप झालेले. त्यांस वेगळें करणारें गणित नाहीं. चार महिन्यांचें काम केरांत गेलें.

यंत्राचा आराखडा कोणीतरी काढलेला असतो. शंका आल्यास तो उघडावा. पेशीचा आराखडा कोणींच काढलेला नाहीं. तेथें आपल्या मापांवरच आधीं संशय घ्यावा लागतो. हल्लीं आमची प्राप्ति निम्म्याहून कमी आहे, व "ठाऊक नाहीं" हे शब्द आम्ही दिवसांतून अनेकदां उच्चारतों. त्याचें दुःख नाहीं. मात्र रात्रीं कधीं कधीं एक प्रश्न छळतो : आमच्या त्या जुन्या सल्ल्यांपैकीं कितींच्या मुळाशीं असाच एखादा सोमवार दडून बसला असेल? त्या वेळीं विचारणारें कोणी नव्हतें. आणि त्या वह्या आतां उघडून पाहण्याची सोय नाहीं.